सोडून देणारं चुंबक

विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरची पेटी बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलेली असते. हिरवं बटण, लाल बटण आणि लाइट गेली की आतून येणारा ‘खट्’ असा आवाज. झाकण उघडलं तर आत मुठीएवढी एक कॉईल दिसते. तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो वेढे, त्यांच्या पोटात पातळ लोखंडी पत्रे एकाला एक चिकटवून केलेला गाभा आणि त्याच्यासमोर स्प्रिंगवर तोललेला तसाच दुसरा लोखंडी तुकडा. हा दुसरा तुकडा हलता असतो. मोटारीला वीज देणारे तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट त्याच्याच पाठीवर बसवलेले असतात. हिरवं बटण दाबलं की कॉईलमधून वीज वाहते, गाभ्याचं चुंबक होतं, हलता तुकडा खेचला जातो, कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोटार फिरू लागते. बटणावरचं बोट काढलं तरी कॉईलची वीज तुटत नाही, कारण खेचल्या गेलेल्या तुकड्याने जाता जाता आणखी एक छोटा कॉन्टॅक्ट जुळवलेला असतो. त्याला धरून ठेवणारी वीज त्यातूनच येत राहते. लाल बटण ती वीज तोडतं.

मेकॅनिक या कॉईलला ‘नो व्होल्ट कॉईल’ म्हणतात. लाइट गेली की गाभ्याचं चुंबकपण संपतं, स्प्रिंग हलत्या तुकड्याला मागे ढकलते आणि कॉन्टॅक्ट सुटतात. तासाभराने लाइट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबावं लागतं. यात शहाणपण आहे. मधल्या वेळात कुणी पंप दुरुस्त करायला विहिरीत उतरलेलं असू शकतं. फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर पाइपातलं पाणी उतरून गेलेलं असतं आणि पंप कोरडाच फिरत राहतो. शिवाय सुरू होतानाच्या क्षणी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी लाइट येताक्षणी एकदम उठल्या तर डीपी जळायला वेळ लागत नाही.

तरीही गावोगाव स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले दिसतात. लाइट आली की शेतकऱ्याच्या वतीने हिरवं बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. थ्री फेज लाइट रात्री दोनला येणार असेल, तर साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्यापेक्षा ऑटो स्विच बरा, हे कुणालाही कळतं. तो काढून टाका, अशी आवाहनं महावितरण करत असतं आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरच आहे. पण मला वाटतं, हे भांडण चुंबकाचं नाही, वेळापत्रकाचं आहे.

चुंबक म्हटलं की आपण त्याच्या ओढीबद्दल बोलतो. तात्पुरत्या चुंबकाच्या बाबतीत ओढ मला दुय्यम वाटते. ओढ जमिनीतून निघणाऱ्या चुंबकी दगडातही असते, हजारो वर्षांपूर्वी माणसाला ती ठाऊक होती. सांगितल्याबरोबर सोडून देणं, तेही लाखो वेळा आणि न चुकता, हे मात्र मुद्दाम घडवावं लागलं. गेल्या दोनशे वर्षांतली या विषयातली बरीचशी कारागिरी त्यातच खर्ची पडली आहे.

सुरुवात १८२० सालची. कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिस्तिअन ओरस्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. वीज आणि चुंबकत्व यांचं नातं आहे, हे त्या सुईने सांगितलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंद्रे-मारी अँपिअर आणि फ्रान्स्वा आरागो यांनी तार स्क्रूसारखी गुंडाळून पाहिली. प्रत्येक वेढ्याचा परिणाम शेजारच्या वेढ्यात मिळत जातो आणि आत ठेवलेली पोलादी सुई चुंबक होते, हे त्यांच्या लक्षात आलं. पण पोलादी सुई एकदा चुंबक झाली की चुंबकच राहते. सोडणारं चुंबक बनवण्याचा मान विल्यम स्टर्जन यांचा.

स्टर्जन हे इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेले. तेही आधी तोच धंदा शिकले, मग तोफखान्यात साधे शिपाई झाले. विज्ञान आणि गणित स्वतःच्या हिमतीवर शिकले. नोकरी सुटल्यावर पुन्हा जोडे शिवू लागले आणि १८२४ मध्ये ॲडिसकोंब इथल्या लष्करी विद्यालयात त्यांना व्याख्यात्याची जागा मिळाली. हे विद्यालय ईस्ट इंडिया कंपनीचं. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या फौजांसाठी तोफखान्याचे अधिकारी आणि इंजिनिअर इथे तयार होत. म्हणजे कंपनी सरकारचे जे तरुण साहेब पुढे बोटीने मुंबई बंदरात उतरले, त्यांच्यातल्या काहींना विजेचे धडे विद्युतचुंबकाच्या जनकाकडून मिळाले होते.

१८२५ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्ससमोर स्टर्जन यांनी जे ठेवलं, ते दिसायला अगदी साधं होतं. नरम लोखंडाची एक कांब घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, वजन जेमतेम २०० ग्रॅम. तिच्यावर व्हार्निशचा थर आणि त्यावरून उघड्या तांब्याच्या तारेचे अठरा वेढे, एकमेकांना न चिकटणारे. तारेची टोकं पाऱ्याच्या वाट्यांत बुडवलेली. एका साध्या बॅटरीवर हा नाल सुमारे चार किलो वजन उचलून धरी आणि तार पाऱ्यातून बाहेर काढली की वजन धपकन खाली पडे. सोसायटीने त्यांना रौप्यपदक आणि तीस गिनी दिल्या. वजन उचलणारी याहून ताकदवान कायमची चुंबकं तेव्हाही होती. नवल होतं ते तार उचलताच वजन पडण्याचं.

स्टर्जन यांच्या नालात एक अडचण होती. तार उघडी असल्याने वेढे अंतर राखून घालावे लागत, त्यामुळे त्यांची संख्या वाढवता येत नसे. अमेरिकेत आल्बनीच्या शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्री यांनी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढ्याला वेढा लागला, थरावर थर चढला तरी हरकत नव्हती. १८३१ मध्ये येल विद्यापीठासाठी त्यांनी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोहून अधिक वजन उचललं. त्याच सुमारास त्यांनी आल्बनीतल्या एका खोलीत भिंतींभोवती मैलभर तार फिरवून तिच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. पुढे प्रिन्स्टनला गेल्यावर त्यांनी या दोन्ही युक्त्या जोडल्या. लांबून आलेल्या क्षीण विजेने एक छोटं चुंबक हलायचं, त्या हालचालीने शेजारच्या मोठ्या चुंबकाची वीज तुटायची आणि त्याला टांगलेलं जबर वजन विद्यार्थ्यांसमोर जमिनीवर आदळायचं. लहान विजेने मोठ्या विजेला हुकूम द्यायचा, हे रिलेचं तत्त्व पहिल्यांदा असं आवाज करत लोकांपुढे आलं.

तारायंत्र याच दोन गोष्टींवर उभं राहिलं. टेलिग्राफ ऑफिसातल्या साउंडरमध्ये एक विद्युतचुंबक लोखंडी पट्टी लावलेल्या एका पितळी दांडीला खाली खेचतं आणि स्प्रिंग तिला वर नेते. दोन ‘टक’मधल्या अंतरावरून तारबाबू डॉट आणि डॅश ओळखायचे. चुंबकाने दांडी सोडायला क्षणभर उशीर केला तर दोन डॉट मिळून एक डॅश व्हायचा आणि मजकूर बिघडायचा. म्हणजे अक्षर दांडी खेचण्याने जेवढं घडे, तेवढंच ती वेळेवर सुटण्याने. भारतात ही सेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आता प्रश्न असा, की लोखंड चुंबक होतं आणि मग ते चुंबकपण टाकून देतं, म्हणजे आत नेमकं काय होतं?

लोखंडाचा प्रत्येक अणू मुळातच एक इवलंसं चुंबक असतो. त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या फिरकीमुळे तो तसा असतो आणि ते चुंबकपण आपण त्याला देत नाही, काढूनही घेऊ शकत नाही. शेजारशेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला तोंड करायला लावतात. पण साऱ्या तुकड्यात एकच दिशा नसते. अब्जावधी अणूंचा एक भाग एका दिशेला, त्याला लागून असलेला दुसरा भाग दुसऱ्या दिशेला, तिसरा तिसरीकडे. या भागांना डोमेन म्हणतात. सगळ्यांच्या दिशा मिळून हिशेब शून्य होतो, म्हणून खिळा एरवी टाचणीला ओढत नाही. असे भाग असले पाहिजेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ च्या आसपास नुसत्या तर्काने मांडलं. ते प्रत्यक्ष दिसायला १९३१ साल उजाडलं. त्या वर्षी फ्रान्सिस बिटर यांनी चुंबकीय पदार्थाची अतिसूक्ष्म पूड धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पसरली आणि पूड डोमेनच्या सीमांवर जाऊन बसली.

बाहेरून चुंबकीय क्षेत्र आलं की काय होतं, ते समजायला शेताचा बांध डोळ्यांसमोर आणावा. ज्या डोमेनची दिशा बाहेरच्या क्षेत्राशी जुळते, तो शेजाऱ्याचा बांध कोरत सुटतो. सीमा सरकत जाते, मधले अणू एकेक करून त्याच्या दिशेला वळतात, अनुकूल डोमेन वाढतात आणि प्रतिकूल डोमेन आक्रसतात. हिशेब शून्य राहत नाही, खिळा चुंबक होतो. बाहेरचं क्षेत्र निघून गेलं की बांध पुन्हा जवळजवळ जुन्या जागी येतात. शुद्ध, भट्टीत तापवून हळूहळू निववलेल्या नरम लोखंडात ही सरकासरकी अगदी सहज होते. त्यात कार्बन मिसळून पोलाद केलं, ते पाणी देऊन कडक केलं, की बांधात जागोजागी दगड रुतल्यासारखं होतं. सीमा सरकवायला जोर लागतो आणि एकदा सरकली की ती परत फिरत नाही. अशा पोलादाचं कायमचं चुंबक होतं. नरम लोखंडाचं चुंबकपण पुसायला जेवढं उलटं क्षेत्र लागतं, त्याच्या सुमारे दहा हजार पट क्षेत्र आजच्या निओडिमियम चुंबकाचं पुसायला लागतं. दोन्हींत मूळ घटक लोखंडच असलं तरी फरक एवढा.

सीमा गुळगुळीत सरकत नाहीत, अडत-अडत उडी मारतात. १९१९ मध्ये हाइनरिख बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी लोखंडाभोवती तार गुंडाळून ती ॲम्प्लिफायरला जोडली आणि हळूहळू एक चुंबक जवळ आणलं, तेव्हा कर्ण्यातून खरखर ऐकू आली. डोमेनच्या सीमा अडथळ्यावरून उडी मारतानाचा तो आवाज होता. वाइस यांच्या तर्काला मिळालेला हा पहिला भक्कम पुरावा, आणि तो डोळ्यांना न मिळता कानांना मिळाला!

लोखंडाचं चुंबक व्हायला विजेचीच गरज असते असं नाही. चुंबकाला टाचणी चिकटते तेव्हा ती टाचणी स्वतःच तात्पुरतं चुंबक झालेली असते, म्हणून तर तिला दुसरी टाचणी लटकते. फ्रिजच्या दारावर कुलदेवतेचं चित्र चिकटतं, तेव्हा त्यामागचा पत्र्याचा तेवढा भाग चुंबक होतो आणि दोघं एकमेकांना ओढतात. चुंबक लोखंडाला ओढतं या वाक्यातली खरी गोष्ट अशी, की चुंबक आधी लोखंडाचं चुंबक करतं आणि मग त्याला ओढतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना तसं होता येत नाही, म्हणून ते बाजूला राहतात. भंगारवाला खिशातल्या चुंबकाने याच गुणाची परीक्षा घेतो.

पृथ्वीही एक चुंबकच असल्याने उभ्या-आडव्या पडलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत थोडंफार तात्पुरतं चुंबकत्व असतंच, मग ती जिन्याची सळई असो की जहाजाचा सांगाडा. पृथ्वीचं क्षेत्र मोजणाऱ्यांना हे फार छळतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात हे मोजमाप चालायचं. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या करंटमुळे निरीक्षणं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. तिथल्या इमारतीच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळलं आहे. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते. जहाजांच्या बाबतीत प्रश्न जिवावरचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनांनी समुद्रतळावर असे सुरुंग टाकले, जे वरून जाणाऱ्या जहाजाचं चुंबकत्व ओळखून फुटत. त्यावर उतारा म्हणून जहाजाभोवती केबलचे वेढे घालून त्यांतून वीज सोडली गेली. जहाजाचं जेवढं चुंबकत्व, तेवढंच उलटं चुंबकत्व तयार करून हिशेब शून्यावर आणायचा, ही त्यामागची कल्पना. 

नरम लोखंड सोडून देतं असं म्हटलं, पण ते पूर्ण सोडत नाही. स्कॉटिश अभियंता जेम्स आल्फ्रेड युइंग १८७८ ते १८८३ या काळात टोकियोला शिकवत होते. तिथेच त्यांनी लोखंड चुंबक होण्याची आणि पुसलं जाण्याची वाट नीट मोजायला घेतली. जाण्याची वाट आणि येण्याची वाट एक नसते, असं त्यांना आढळलं. क्षेत्र शून्यावर आलं तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं आणि ते काढायला थोडं उलटं क्षेत्र द्यावं लागतं. या मागे रेंगाळण्याला त्यांनी हिस्टेरिसिस हे नाव दिलं. आलेख काढला की दोन वाटांमध्ये एक फुगीर पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा.

एका फेरीत ती नगण्य असते. पण गावाच्या वेशीवरच्या डीपीत काय चाललंय ते पाहा. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून पुन्हा पहिल्यावर येते, म्हणजे डीपीतल्या लोखंडी गाभ्याला सेकंदाला पन्नास फेऱ्या माराव्या लागतात. वर्षाला झाल्या सुमारे १५८ कोटी फेऱ्या. कुणी वीज वापरो न वापरो, फेऱ्या चालूच. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या कारखान्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवं पोलाद आलं. त्यात सुमारे तीन टक्के सिलिकॉन होतं. त्याचा हिस्टेरिसिसचा पट्टा अरुंद होता, शिवाय विजेला त्याचा विरोध जास्त असल्याने गाभ्याच्या आतच घोटाळत राहणारे भोवरी प्रवाहही कमी होत. मग त्याचे एक तृतीयांश मिलिमीटरइतके पातळ पत्रे करून, त्यांच्यामध्ये विजेला रोखणारा थर देऊन गाभे रचले जाऊ लागले. आजही जगभरचे बहुतेक ट्रान्सफॉर्मर याच जातीच्या पोलादाचे असतात. डीपी गुणगुणते तीही या पत्र्यांमुळेच. चुंबक होताना लोखंड लांबीत किंचित बदलतं, दहा लाखांत काही भाग एवढंच, पण सेकंदाला शंभर वेळा. तोच तो ‘हूं’ आवाज.

गंमत म्हणजे याच हॅडफील्ड यांनी तरुणपणी, १८८२ मध्ये, मँगनीज घातलेलं एक वेगळं पोलाद शोधलं होतं. ते विलक्षण चिवट, आणि लोखंडच मुख्य असूनही चुंबकाला अजिबात दाद न देणारं. त्याचा उपयोग भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या चुंबकात होतो. भंगार वितळवून सळ्या बनवणाऱ्या कारखान्यांत थाळीसारखं गोल, जाडजूड विद्युतचुंबक क्रेनला टांगलेलं असतं. आतली कॉईल झाकणारी तळाची तबकडी रोज टनावारी लोखंडाचे दणके खाते, म्हणून चिवट हवी. पण ती चुंबकीय असली तर चुंबकाच्या रेषा भंगारापर्यंत न पोहोचता तबकडीतूनच मधल्यामध्ये वळतील. दोन्ही अटी पुऱ्या करणारं स्वस्त साहित्य म्हणजे मँगनीज पोलाद.

अशा चुंबकाचा जोर किती? नरम लोखंड जवळजवळ दोन टेस्लापर्यंत चुंबक होऊ शकतं, त्यापुढे सगळे डोमेन एका दिशेला आलेले असतात आणि वीज वाढवून फारसा फायदा नसतो. एक टेस्ला क्षेत्र असेल तर चिकटलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे चार किलोचा जोर मिळतो, दोन टेस्लाला तो चौपट म्हणजे सोळा किलो होतो. पण हा हिशेब सपाट लोखंड घट्ट चिकटलं असतानाचा. वेडंवाकडं भंगार मधे हवेच्या फटी ठेवतं आणि फट वाढली की जोर झपाट्याने घसरतो. म्हणून जे चुंबक लोखंडाची सपाट लादी दिमाखात उचलतं, ते सुट्या भंगारातून त्या मानाने फारच थोडं वजन घेऊन वर येतं. लाल तापलेलं लोखंड तर ते उचलूच शकत नाही. ७७० अंश सेल्सिअसच्या वर अणूंचं एका दिशेला राहणं मोडतं आणि लोखंड पितळेसारखं उदासीन होतं.

सोडतानाही नुसती वीज बंद करून भागत नाही. युइंग यांचं उरलेलं चुंबकत्व इथे आडवं येतं आणि हलके तुकडे थाळीला लोंबकळत राहतात. क्रेनचा कंट्रोलर म्हणून क्षणभर उलटी वीज देतो, उरलंसुरलं पुसतो आणि थाळी साफ होते. स्टार्टरमध्ये हेच काम वेगळ्या तऱ्हेने केलेलं असतं. गाभ्याच्या मधल्या दांड्यात मुद्दाम केसाएवढी फट ठेवतात, दोन्ही बाजू टेकल्या तरी मधला दांडा टेकत नाही. त्या फटीमुळे वीज गेल्यावर उरणारं चुंबकत्व इतकं क्षीण होतं, की स्प्रिंग ते सहज तोडते. जुन्या मेकॅनिकला ही फट ठाऊक असते. नवखा कुणी ‘बरोबर बसत नाही’ म्हणून कानशीने घासून सगळं सपाट करतो आणि मग लाल बटण दाबलं तरी पंप थांबत नाही.

स्टार्टरच्या कॉईलचा आणखी एक घोळ आहे. तिच्यातली वीज एसी, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येणारी. प्रत्येक शून्याला चुंबक सोडू पाहणार, स्प्रिंग ओढू पाहणार आणि कॉन्टॅक्ट थरथरत ठिणग्या टाकणार. ते टाळायला गाभ्याच्या तोंडाशी, एका कोपऱ्यात, तांब्याची छोटी बंद कडी ठोकून बसवलेली असते. बदलत्या चुंबकत्वाने त्या कडीत वीज निर्माण होते आणि तेवढ्या कोपऱ्यातलं चुंबकत्व जरा मागे राहतं. मुख्य भाग शून्यावर असतो तेव्हा कडीचा कोपरा शून्यावर नसतो. दोघं मिळून लोखंडाला धरून ठेवतात. कडी तुटली किंवा तोंडाशी माती बसली, की स्टार्टर खरखरायला लागतो.

व्होल्टेज फार कमी असलं, की हलता तुकडा पुरता चिकटतच नाही, अर्ध्यावर अडतो. मग एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. व्होल्टेज कमी असूनही कॉईल जळते. कारण एसी कॉईलमधला करंट रोखण्याचं काम तारेचा विरोध फारसा करत नाही, ते पूर्ण मिटलेला लोखंडी गाभा करतो. गाभा उघडाच राहिला तर करंट कितीतरी वाढतो. रिवाइंडिंगच्या दुकानात कॉईल भरायला आणणाऱ्या कित्येकांना वाटतं, व्होल्टेज जास्त आलं म्हणून ती जळाली. बऱ्याचदा झालेलं असतं नेमकं उलटं.

धरून ठेवायला वीज लागते, म्हणजे धरण्याच्या कामात ती खर्च होते, असाही एक समज आहे. टांगलेलं वजन हलत नाही तोवर चुंबक त्याच्यावर कोणतंही काम करत नाही. वीज जाते ती सगळी तारेचा विरोध पार करण्यात, म्हणून कॉईल गरम होते. विरोधच नाहीसा केला तर? एमआरआय यंत्रात हेच केलेलं असतं. द्रव हीलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या अतिवाहक तारेत एकदा वीज सोडली की बाहेरून पुरवठा न करता ती वर्षानुवर्षं फिरत राहते. चुंबक विजेचंच, पण त्याचा तात्पुरतेपणा जवळजवळ गेलेला. त्या खोलीत चुकून लोखंडी सिलिंडर नेला तर वाचवायला कुणी पटकन बटण बंद करू शकत नाही, ते याचमुळे.

रुग्णालयाचा विषय निघालाच आहे तर नेत्रवैद्यांचं नाव घ्यायला हवं. कारखान्यात छिन्नीचा कपचा उडून डोळ्यात घुसण्याचे अपघात एकोणिसाव्या शतकात नित्याचे होते. बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी १८७९ मध्ये टोकदार गाभ्याचं विद्युतचुंबक वापरून असा कपचा डोळ्याच्या आतून काढला. पुढे झुरिकच्या ओटो हाब यांनी प्रचंड चुंबक उभारलं, रुग्णाला त्याच्यासमोर बसवून ते कपचा बाहेर ओढत. टोक योग्य जागी नेईपर्यंत चुंबक निर्जीव आणि नेमक्या क्षणी, हवं तेवढंच जागं. कायमच्या चुंबकाकडून हा संयम कुठून येणार! आजही लोहारकाम किंवा ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाला एमआरआयच्या आधी विचारतात, डोळ्यात कधी कण गेला होता का?

कॅसेट आणि हार्ड डिस्क यांत दोन्ही जाती शेजारी नांदतात. लिहिणारं हेड तात्पुरतं चुंबक, क्षणात दिशा बदलणारं. ज्यावर लिहायचं ती फीत किंवा तबकडी कायमच्या जातीची. हेडने गाणं धरून ठेवलं तर पुढचा सूर बिघडेल, फितीने सोडून दिलं तर गाणंच उरणार नाही.

सोडून देण्याचा सर्वांत गंभीर उपयोग सुरक्षेत होतो. तिथे अभियंता आधी एकच प्रश्न विचारतो, वीज गेली तर काय व्हायला हवं? भंगाराच्या क्रेनचं उत्तर ‘पडू नये’ असं असतं, म्हणून तिला बॅटरीचा आधार देतात. लिफ्टचं उत्तर ‘जागच्या जागी थांबावी’ असं असतं. त्यामुळे लिफ्टच्या ब्रेकमध्ये चुंबक ब्रेक लावत नाही, ब्रेक दूर धरून ठेवतं. वीज गेली की चुंबक सोडतं आणि मजबूत स्प्रिंगा ब्रेकला ड्रमवर दाबतात. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाला ते कितीही वैतागवाणं वाटो, त्याला वाचवलेलं असतं त्या सुटलेल्या चुंबकानेच. मोठ्या इमारतींतली आगीपासून रक्षण करणारी दारं एरवी भिंतीवरच्या चुंबकाने उघडी धरलेली असतात, अलार्म वाजला की चुंबकाची वीज तुटते आणि दारं आपोआप मिटतात.

पालघर जिल्ह्यात तारापूरला ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत. जड पाणी वापरणाऱ्या या जातीच्या भट्टीत गाभ्याच्या वर न्यूट्रॉन शोषून घेणारे दांडे टांगलेले असतात. ते खाली आले की साखळी प्रक्रिया थांबते. दांड्याची दोरी ज्या ढोलावर गुंडाळलेली असते, त्याला विद्युतचुंबकीय क्लच धरून ठेवतो. भट्टी तातडीने बंद करायची वेळ आली की क्लचची वीज तोडतात आणि दांडे स्वतःच्या वजनाने काही सेकंदांत गाभ्यात उतरतात. पुरवठाच खंडित झाला तरी तेच घडतं. दांडे परत वर घ्यायचे तर आधी क्लचला वीज द्यावी लागते आणि मग मोटार ते सावकाश वर गुंडाळते.